वसतिगृह आणि विद्यास्थान : अहमदाबाद येथील काह्नप्रणीत वसतिगृहांच्या जतनाचा प्रश्न

१

शिक्षणसंस्थांच्या वास्तूंचे मूल्यमापन करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम ग्रंथालयाकडे जाते, त्यानंतर पदवीदान सभागृहाकडे, आणि मनोरा असल्यास मनोऱ्याकडे. वसतिगृहाकडे ती क्वचितच वळते. वसतिगृह ही सोयीची इमारत मानली जाते. तिची गणना विद्येच्या साधनांत होत नाही, व्यवस्थेच्या खर्चात होते. परिणामतः जुन्या संस्थांच्या आवारात जागेची किंवा पैशाची चणचण भासू लागली की पहिला घाला वसतिगृहावर पडतो. आणि त्याबद्दल हळहळ वाटलीच, तर ती तेथे राहून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणींपुरती मर्यादित राहते. आठवण ही आदरणीय गोष्ट खरी. परंतु जतनाच्या बाजूने द्यावयाचा पुरावा म्हणून ती अपुरी आहे. प्रत्येक पिढीला आपले वसतिगृह प्रिय असते, आणि प्रत्येक वसतिगृह राखणे शक्य नसते. तेव्हा कोणते वसतिगृह राखावे, आणि राखावयाचे म्हणजे नेमके काय राखावे, याचा काही एक निकष असणे आवश्यक ठरते.

हा प्रश्न अलीकडच्या काळात अत्यंत तीव्र स्वरूपात उपस्थित झाला तो अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या वसतिगृहांच्या संदर्भात. अमेरिकन वास्तुशिल्पी लुई काह्न यांनी रचलेल्या या संकुलातील १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून त्या जागी नव्या इमारती उभारण्याचा मनोदय संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये व्यक्त केला. ग्रंथालय आणि मध्यवर्ती चौकालगतची चार वसतिगृहे तेवढी राखावयाची होती. देशोदेशींच्या वास्तुशिल्पींनी, इतिहासकारांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि काह्न यांच्या अपत्यांनी त्यास विरोध केला, आणि जानेवारी २०२१ च्या प्रारंभीच संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. परंतु प्रश्न तेथे मिटला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने परिघावरील वसतिगृहांचे, तसेच वर्गसंकुल व अध्यापककक्ष यांचे जतनकार्य थांबवून त्यांची पुनर्बांधणी करण्याचा निर्णय जाहीर केला. इमारती राहण्यास व वापरण्यास सुरक्षित उरलेल्या नाहीत, हे त्यामागील मुख्य कारण होते.

या वादात दोन भूमिका आमनेसामने उभ्या राहिल्या. एका बाजूस थोर कलावंताच्या कृतीविषयीचा आदर, तर दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची चिंता. या दोन्ही भूमिका प्रामाणिक असूनही त्यांच्या संघर्षात मूळ प्रश्न बाजूला पडला, असे म्हणावे लागते. या संकुलाच्या रचनेत वसतिगृहाचे कार्य कोणते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाल्यावाचून काय राखावे आणि काय बदलावे, याचा निर्णय सयुक्तिक होऊ शकत नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन हे उत्तर शोधण्याचे आहे.

२

संस्थेची स्थापना डिसेंबर १९६१ मध्ये झाली. भारत सरकार, नव्यानेच अस्तित्वात आलेले गुजरात राज्य आणि अहमदाबादचा उद्योजकवर्ग यांच्या सहकार्यातून ती उभी राहिली. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांचा तीत प्रमुख वाटा होता, आणि अध्यापनपद्धतीच्या बाबतीत हार्वर्ड व्यवसाय विद्यालयाचे सहकार्य होते. जन्माने पुणेकर व मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयाच्या परंपरेत वाढलेले बाळकृष्ण दोशी त्या काळी अहमदाबादेत स्थिरावले होते. त्यांच्या सूचनेवरून १९६२ मध्ये काह्न यांना पाचारण करण्यात आले. पुढील बारा वर्षे काह्न या कामासाठी भारतात येत राहिले. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतत असताना न्यूयॉर्कच्या रेल्वेस्थानकात त्यांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही. मुंबईत जन्मलेले आणि काह्न यांच्या फिलाडेल्फियातील कार्यालयात उमेदवारी केलेले अनंत राजे यांनी ते पुढे नेले. संकुलातील भोजनगृह, विवाहित विद्यार्थ्यांची निवासस्थाने आणि व्यवस्थापन विकास केंद्र ही राजे यांची निर्मिती होय. म्हणजे ज्याला एका परदेशी प्रतिभावंताची कृती म्हणून ओळखले जाते, ते वस्तुतः अनेक हातांनी आणि दीर्घ काळाने घडविलेले विद्यास्थान आहे. या गोष्टीचे महत्त्व पुढे जतनाचा विचार करताना लक्षात येईल.

हार्वर्डकडून आलेल्या अध्यापनपद्धतीचा वास्तुरचनेशी निकटचा संबंध आहे. या पद्धतीत अध्यापक सिद्धांत सांगत नाही. एखाद्या उद्योगापुढे प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या पेचाची हकीकत विद्यार्थ्यांच्या हाती देतो. विद्यार्थ्यांनी ती आदल्या रात्री वाचावयाची, आपसांत खल करावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आपला निर्णय समर्थनासह मांडावयाचा. अर्थात् वर्गातील तास हा या अभ्यासाचा उत्तरार्ध असतो. पूर्वार्ध घडतो तो वसतिगृहात. जेथे व्याख्यान ऐकून टिपणे घेणे हाच शिक्षणाचा प्रधान भाग असतो, तेथे वसतिगृह हे झोपण्याचे ठिकाण राहिले तरी बिघडत नाही. येथे मात्र तसे चालण्यासारखे नव्हते.

काह्न यांनी हे मर्म नेमके ओळखले होते, याची साक्ष वसतिगृहांचा आराखडा देतो. भारतातील बहुसंख्य वसतिगृहे, मग ती वसाहतकालीन असोत की सार्वजनिक बांधकाम खात्याची, एका ठरावीक साच्याची असतात. मधोमध किंवा एका कडेने लांबलचक व्हरांडा, त्यावर उघडणारी दारांची रांग, टोकाला जिना आणि स्नानगृहे. हा साचा देखरेखीला सोयीचा असतो. व्हरांड्याच्या एका टोकाला उभा राहिलेला अधीक्षक सर्व दारांवर नजर ठेवू शकतो. परंतु अशा व्हरांड्यात माणसे एकमेकांना ओलांडून जातात, थांबत नाहीत. काह्न यांनी हा व्हरांडाच काढून टाकला. प्रत्येक मजल्यावर दहा खोल्यांचा एक गट करून तो जिना आणि चहापानाचे छोटे दालन यांच्याभोवती गुंफला. खोलीचे दार उघडले की पाऊल पडते ते वाटेवर नव्हे, तर बसण्याजोग्या जागेत. बाहेर जावयाचे तर या जागेतून, आत यावयाचे तरी या जागेतूनच. भेट टाळणे अशक्य नाही, परंतु भेट घडणे हे येथे स्वाभाविक आहे.

याच मांडणीतून आणखी एक प्रयोजन साधले आहे. जिना, स्नानगृहे व चहापानाचे दालन यांची योजना अशी केली आहे की, त्यांच्या आडोशाने खोल्यांचे प्रखर उन्हापासून रक्षण व्हावे आणि तरीही आरपार वारा खेळता राहावा. वसतिगृहे मुख्य इमारतीशी तिरकी, कर्णरेषेच्या दिशेने बसविण्यामागेही वाऱ्याचा विचार आहे. अहमदाबादच्या उन्हाळ्यात ही सुखसोय नसून निकड असते. वसतिगृहे आणि अध्यापकांची निवासस्थाने यांच्या मध्ये एक तलाव योजिलेला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. परंतु मोठी वर्तुळाकार व कमानदार द्वारे, त्यांमागे मागे सरकलेल्या खिडक्या, आणि दोन इमारतींच्या मधोमध सावलीत राहणारे लहान चौक ही सर्व योजना एकाच सूत्राने बांधली गेली. उजेड हवा, पण झळ नको. सहवास हवा, पण गजबज नको. जुन्या अहमदाबादच्या पोळांतील घरांमध्ये हेच सूत्र ओटल्याने आणि अंगणचौकाने साधलेले आढळते. काह्न यांनी त्या घरांची नक्कल केली नाही. त्यांच्यामागील गरज मात्र त्यांना उमगली होती.

या दृष्टीने पाहता खोली, चहाचे दालन, जिना, दोन वसतिगृहांमधला चौक, त्यापलीकडील प्रांगण आणि अखेरीस वर्ग ही एकमेकांपासून तुटलेली ठिकाणे नाहीत. एकांतातील वाचन, चौघांतील खल आणि सभेतील मांडणी अशा अभ्यासाच्या चढत्या पायऱ्या त्यांत रचलेल्या आहेत. काह्न याच सुमारास पेन्सिल्व्हेनियातील ब्रिन मॉर महाविद्यालयासाठी अर्डमन वसतिगृह रचीत होते. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत तीन चौरस कोपऱ्यांनी एकमेकांस जोडलेले असून प्रत्येकाच्या मध्यभागी एक भव्य सामाईक दालन आणि परिघावर खोल्या आहेत. तेथे सहवासाचे केंद्र सबंध इमारतीला मिळून आहे. अहमदाबादेत तेच केंद्र लहान होऊन दहा-दहा खोल्यांच्या पदरी आले आहे. दोशी यांनी पुढे बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेसाठी दगडी, लतामंडपांनी छायांकित असे लांब मार्ग योजून त्या मार्गांनाच भेटीचे स्थान बनविले. दोघांचे साध्य एक, साधने परस्परविरुद्ध. एकाने मार्ग नाहीसा केला, दुसऱ्याने तो फुलविला. शैक्षणिक वास्तूचे खरे कर्तृत्व भेटीला जागा देण्यात आहे, हा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

३

आता संस्थेच्या आक्षेपांकडे वळावयास हवे. ते क्षुल्लक समजून झटकून टाकणे हे वास्तुप्रेमाचे लक्षण ठरणार नाही. विटांची झीज, भिंतींतील ओल, छतांच्या स्लॅबमधील भेगा व ढासळणारे तुकडे, आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने दिलेला हादरा ही वस्तुस्थिती आहे. ज्या छताखाली विद्यार्थी झोपतो, ते छत ढासळत असेल तर त्या छताच्या सौंदर्यावर प्रवचन देणे अशोभनीय होय.

किंबहुना काह्न यांच्या भक्तांनी येथे थोडे आत्मपरीक्षण करणे इष्ट आहे. काह्न आणि वीट यांच्या संवादाची आख्यायिका वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. विटेने कमान होण्याची इच्छा व्यक्त केली आणि शिल्पीने ती मानली, असा तिचा आशय. या आख्यायिकेने एक गैरसमज रूढ केला आहे की, या इमारती निव्वळ विटेच्या आहेत. वस्तुस्थिती निराळी आहे. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. कमान जितकी पसरट, तितका तिचा दोन्ही टोकांना बाहेर ढकलणारा रेटा अधिक. हा रेटा आवरण्यासाठी काह्न यांनी कमानीच्या पायथ्याशी सलोह काँक्रीटची आडवी तुळई बसविली. वीट दाब घेते, तुळईतील लोखंड ताण घेते, आणि दोघांच्या सहकार्याने रुंद गाळा उघडा राहतो. या योजनेचे सौंदर्य वादातीत आहे. परंतु तिच्यातील दुर्बलताही याच सांध्यात दडलेली आहे. उघड्या, गिलावा नसलेल्या विटेतून पावसाचे पाणी आत मुरते. आतील लोखंड गंजते. गंज चढलेले लोखंड फुगते, कारण गंजाला मूळ धातूहून अधिक जागा लागते. आणि फुगणारे लोखंड सभोवतालची वीट व काँक्रीट फोडते. पाण्याबरोबर विटेतील क्षार पृष्ठभागी येऊन लोणा धरतो आणि विटेचा पापुद्रा सुटू लागतो. छज्जा व गिलावा यांच्या रूढ संरक्षणावाचून भिंत उघडी ठेवणे हा सौंदर्यदृष्टीचा निर्णय होता. चार महिन्यांच्या पावसाने त्याची किंमत वसूल केली आहे.

इमारतीच्या दोषांत शिल्पीचाही वाटा आहे, हे मान्य केल्याने तिचे मोल घटत नाही. उलट जतनाचे काम कोठून सुरू करावयाचे, ते कळते. परंतु या निदानातून इमारत पाडणे हाच उपाय निघतो काय? गंज आणि ओल हे दोन्ही मंदगतीने वाढणारे रोग आहेत. छतावरील पाण्याचा निचरा, दरजा भरणे, फुटक्या विटा बदलणे, उघडे पडलेले लोखंड साफ करून झाकणे ही कामे वेळच्या वेळी झाली, तर त्यांचा प्रादुर्भाव आटोक्यात राहतो. दशकानुदशके तुंबली, तर तेच काम प्रचंड आणि खर्चिक होऊन पुढ्यात येते. आपल्याकडील सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत बांधकामाला निधी असतो आणि डागडुजीला नसतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बांधणाऱ्याच्या नावाची शिला बसते. दरजा भरणाऱ्या गवंड्याच्या नावाची बसत नाही. या वृत्तीचा हिशेब केल्यावाचून सर्व भार विटेच्या प्रतीवर टाकणे न्यायाचे नाही.

शिवाय जतन शक्य आहे, याचा दाखला त्याच आवारात मिळाला होता. संस्थेने २०१४ च्या सुमारास जतनाचे काम मुंबईतील सोमय्या आणि कलप्पा या वास्तुविशारदांकडे सोपविले. संकुलातील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन २०१८ मध्ये पूर्ण झाले, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागातील वारसा-जतन पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. एका वसतिगृहाचे कामही नमुन्यादाखल हाती घेण्यात आले. अर्थात् ग्रंथालय एकच असते आणि वसतिगृहे अठरा. त्यामुळे खर्चाचे व काळाचे गणित बदलते, हे उघड आहे. परंतु हा मुद्दा खर्चाचा असेल, तर तो खर्चाचा म्हणून मांडला जावा. अशक्यता आणि महागाई या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची सरमिसळ झाली की निर्णयाची चिकित्सा करणेच अवघड होऊन बसते.

४

संस्थेच्या मूळ प्रस्तावातील सर्वाधिक विचारणीय भाग पाडण्याचा नाही, तर राखण्याचा आहे. अठरांपैकी चार वसतिगृहे राखावयाची होती, आणि ती चौकालगतची. या निवडीमागचा निकष कोणता? चौकात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात जे येते ते मोलाचे, आणि त्यामागे जे आहे ते बदलण्याजोगे, असा अर्थ तिच्यातून निघतो. म्हणजे वसतिगृहाकडे वास्तू म्हणून न पाहता चौकाची पार्श्वभूमी म्हणून पाहिले गेले. छायाचित्रातील काह्न राखावयाचे आणि वापरातील काह्न घालवावयाचे, असा हा विभाग आहे.

वसतिगृहांच्या बाबतीत हा निकष विशेषच अपुरा ठरतो, कारण त्यांचे मर्म पुनरावृत्तीत आहे. ग्रंथालय एकच असल्यामुळे त्याचे महत्त्व त्याच्या एकटेपणात सामावते. वसतिगृहाचे तसे नाही. एका वसतिगृहाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याशी जो कोन करतो, त्यातून चौक निर्माण होतो. तो चौक कोणा एका इमारतीच्या मालकीचा नसतो. इमारती पाडल्या की त्यांच्याबरोबर हे मधले अवकाशही नष्ट होतात, आणि त्यांची नोंद कोणत्याही यादीत नसते. दीर्घ ओवीबद्ध ग्रंथातील आरंभीच्या व अखेरच्या चार ओव्या ठेवून मधल्या गाळाव्यात, आणि ग्रंथ राखला म्हणावे, तसे हे होईल. पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण मराठी वाचकाला परिचयाचे आहे. १८२८ च्या आगीनंतर तट आणि दिल्ली दरवाजा उरले. ते पाहून वैभवाची कल्पना येते, परंतु त्या चौकांतून माणसे कशी वावरत, हे जोत्यांवरून ताडावे लागते. शनिवारवाड्याचे निवासी अंग आगीने नेले. येथे ते नेण्याचा विचार समितीच्या बैठकीत झाला.

२०२२ च्या निर्णयात वर्गसंकुल व अध्यापककक्ष यांच्या बाबतीत बाह्यरूप सध्यासारखेच ठेवून अंतर्भाग सोयीनुसार बदलण्याचा मार्ग सुचविण्यात आला. वरवर पाहता ही तडजोड सुज्ञपणाची भासते. तथापि काह्न यांच्या वास्तूला ती लागू पडत नाही. मुखवटा आणि गाभा यांचा भेद जेथे मुळातच आहे, अशा इमारतींच्या बाबतीत मुखवटा राखण्याला काही अर्थ असतो. मुंबईच्या फोर्ट विभागात व्यापारी इमारतींच्या दर्शनी भागांचा सलगपणा राखण्याचा विचार त्या दृष्टीने समर्थनीय ठरेल. परंतु येथे जी भिंत दिसते तीच भार वाहते. जी कमान दिसते तीच गाळा पेलते. आणि दर्शनी वर्तुळ ज्या अंतर्भागाला सावली देते, तो अंतर्भाग नसेल तर ते वर्तुळ निव्वळ अलंकार होऊन बसते. नव्या काँक्रीटच्या सांगाड्यावर विटांचे आवरण चढवून उभारलेली कमान ही कमानीचे चित्र होय. ज्या शिल्पीने सारे आयुष्य इमारत कशी उभी राहते ते लपवू नये म्हणून खर्चिले, त्याच्या स्मृतीला याहून विसंगत श्रद्धांजली कोणती असणार? याहून एखादी प्रामाणिकपणे नवी, आजच्या गरजांतून जन्मलेली इमारत पत्करली. कारण ती निदान आपले वय लपविणार नाही.

५

कायद्याचा आधार या प्रश्नात फारसा उपयोगी पडत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षांच्या वास्तूंचा विचार करतो. स्वातंत्र्योत्तर काळात उभ्या राहिलेल्या वास्तू त्याच्या कक्षेबाहेर पडतात. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील, राज रेवल यांनी १९७२ मध्ये उभारलेली 'हॉल ऑफ नेशन्स' ही इमारत एप्रिल २०१७ मध्ये पाडली गेली, तेव्हा ती साठ वर्षांची झालेली नाही, हा मुद्दा तिच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये अहमदाबादच्या तटबंदीतील जुन्या शहराचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार झाला. एका शतकाची घरे सन्मानित व्हावीत आणि दुसऱ्या शतकाची घरे त्या सन्मानाच्या वयाला पोचण्याआधीच नाहीशी व्हावीत, ही आपल्या वारसाविचारातील उणीव आहे. वास्तू वयाने मोठी होण्यासाठी आधी ती उभी राहावी लागते.

निवासी वास्तू जतन करण्याचे दोन भिन्न मार्ग एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील, तर अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाकडे पाहावे. टॉमस जेफर्सन यांनी रचलेला तेथील 'विद्याग्राम' १९८७ पासून जागतिक वारसायादीत आहे. मधल्या हिरवळीच्या दोन्ही अंगांना अध्यापकांची दहा निवासस्थाने, आणि त्यांच्या मधोमध विद्यार्थ्यांच्या ५४ खोल्या. या खोल्यांत आजही विद्यार्थी राहतात. खोलीत शेगडी आहे. स्नानगृहासाठी बाहेर पडावे लागते. आणि तरीही तेथे जागा मिळणे हा मान समजला जातो. मागील रांगेतील १३ क्रमांकाची खोली मात्र वेगळ्या रीतीने राखली आहे. कवी एडगर ॲलन पो १८२६ मध्ये तेथे राहत होते, म्हणून ती त्या काळच्या सामानासह पारदर्शक दारामागून दाखविली जाते. पहिल्या प्रकारात राहण्याची रीत जपली आहे, दुसऱ्यात राहून गेलेल्याची आठवण. दोन्हींना स्थान आहे. परंतु वसतिगृहाचे वसतिगृहपण टिकते ते पहिल्यातच. याच विद्यापीठाने तेथे राबलेल्या गुलामांचे स्मारक २०२० मध्ये उभे केले, हेही नोंदविण्याजोगे आहे. वास्तू जपणे म्हणजे तिच्याविषयीची सोयीची तेवढीच हकीकत जपणे नव्हे.

व्हर्जिनियाचा दाखला देताना एक शंका उपस्थित होईल. जेथे शेगडीची आणि बाहेरच्या स्नानगृहाची गैरसोय मान म्हणून स्वीकारली जाते, तेथील न्याय अहमदाबादेतील शेकडो विद्यार्थ्यांना लावता येईल काय? ही शंका रास्त आहे. गैरसोयीला परंपरेचे नाव देऊन ती सर्वांवर लादता येणार नाही. परंतु अहमदाबादच्या रचनेचे मर्म गैरसोयीत नाही. नळ, दिव्यांच्या तारा, पंखे, खिडक्यांची तावदाने, स्नानगृहांची अंतर्गत मांडणी यांत काह्न यांचे काहीही अडकून पडलेले नाही. अडकले आहे ते खोल्यांच्या गटात, चहाच्या दालनात, जिन्याच्या स्थानात, भिंत आणि कमान यांच्या नात्यात, आणि दोन इमारतींमधील सावलीत. पहिल्या प्रकारच्या गोष्टी मोकळेपणाने बदलाव्यात. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींना हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. जतन म्हणजे सर्व काही जसेच्या तसे ठेवणे, हा समज पाडणाऱ्यांनाही सोयीचा असतो. कारण तसे ठेवणे अशक्य आहे, हे सिद्ध करणे सोपे जाते.

६

वरील विवेचनातून वसतिगृहांच्या जतनासंबंधी काही निष्कर्ष संभवतात, आणि ते एका अहमदाबादपुरते मर्यादित नाहीत.

पहिला निष्कर्ष असा की, जतनाचे एकक ठरविताना इमारतींची मोजदाद पुरेशी नाही. ज्या संबंधांमुळे अनेक इमारती मिळून एक विद्यास्थान होते, ते संबंध हेच एकक मानावयास हवे. अठरांतील किती राखले यापेक्षा खोलीपासून वर्गापर्यंतची वाट अखंड राहिली की नाही, हे विचारणे अधिक अर्थपूर्ण होय.

दुसरा निष्कर्ष सुरक्षिततेसंबंधीचा. तिच्याशी तडजोड नाही. जी इमारत धोक्याची आहे ती त्या क्षणी रिकामी झालीच पाहिजे. परंतु रिकामी करणे आणि पाडणे यांत अंतर आहे. अठरा स्वतंत्र इमारती असल्यामुळे एकामागून एक रिकामी करून क्रमाने दुरुस्त करण्याची जी सोय येथे आहे, ती एका अजस्र इमारतीत नसते. धोक्याचे निदान ज्या पाहणीवर आधारलेले असेल, ती पाहणी अभ्यासकांपुढे तपासणीसाठी खुली असावी. सार्वजनिक संस्थेने निर्णय घेतला, एवढ्याने तो शास्त्रीय होत नाही. जी संस्था विद्यार्थ्यांना प्रत्येक निर्णय समर्थनासह मांडण्यास शिकविते, तिच्याकडून ही अपेक्षा अधिकच रास्त आहे.

तिसरा निष्कर्ष कर्तृत्वाविषयीचा. काह्न यांच्या निधनानंतर अनंत राजे यांनी जे बांधले, ते काह्न यांची नक्कल नव्हते आणि त्यांच्याशी फारकतही नव्हती. वीट, काँक्रीट आणि सावली यांची तीच भाषा नव्या गरजांसाठी त्यांनी वापरली. म्हणजे या संकुलात परंपरा पुढे नेण्याचा एक यशस्वी प्रयोग आधीच झालेला आहे. आजच्या दुरुस्तीकर्त्यापुढे दोनच पर्याय आहेत, पूज्य अवशेष किंवा मोकळे मैदान, असे मानण्याचे कारण नाही. जेथे एखादी इमारत खरोखरच वाचण्यापलीकडे गेली असेल, तेथे राजे यांच्या वाटेने जाता येईल. मूळ मांडणीचे प्रयोजन जाणून त्या प्रयोजनाला नवे, टिकाऊ रूप देता येईल. मात्र त्यासाठी आधी ते प्रयोजन जाणावे लागेल. आणि नव्या इमारतीत पुन्हा तोच लांब व्हरांडा व दारांची रांग अवतरली, तर विटांचा रंग कितीही जुळविला तरी परंपरा तुटलीच, असे म्हणावे लागेल.

आपल्या विद्यापीठांतून नवनवी वसतिगृहे उभी राहत आहेत. त्यांचे आराखडे खाटांच्या संख्येवरून ठरतात आणि निविदा चौरस फुटांवर निघतात. विद्यार्थी रात्री कोठे बसून एकमेकांचे मत खोडून काढणार, ही बाब कोणत्याही रकान्यात येत नाही. अहमदाबादच्या वसतिगृहांचे मोल त्या रकान्यात आहे. जिन्याच्या वळणावर, चहाच्या दालनापाशी, कोणाचीही आज्ञा नसताना सुरू होणारा वाद ही शिक्षणाची एक रीत होय, आणि तिला जागा लागते, हे त्या विटांनी सुमारे अर्धशतक सिद्ध करून दाखविले. ती जागा मोजता येत नाही, म्हणून ती नव्हतीच, असे ठरविणे हा हिशेबाचा दोष आहे; आणि तो सुधारणे हे व्यवस्थापनाचेच काम आहे.